सोळा पिंपांचं मीठ

९ ऑक्टोबर १७७७

आज मिठासाठी चार दुकानं पालथी घातली. पहिला म्हणाला, संपलं. दुसरा म्हणाला, आहे, पण चांदीची नाणी आण, कागदी नोटा नकोत. तिसऱ्याने मला बघून दारच लावून घेतलं. चौथी टॅम्सिन वीडन, विधवा बाई, किनाऱ्यालगत तिचं दुकान. ती म्हणाली, "हल्डा, विकायला माझ्याकडे काही नाही." असं म्हणताना तिने मान खाली घातली, ते मी बघून ठेवलंय.

जानेवारीत सरकारने भाव बांधून दिले, तेव्हा आम्ही किती खूश होतो. त्या दिवसापासून जो माल गायब झाला तो झालाच. काकवी नाही, साखर नाही, आता मीठही नाही. इंग्रजांची जहाजं समुद्रात आडवी उभी आहेत म्हणून माल येत नाही, असं दुकानदार सांगतात. आणि दुप्पट चांदी टाकली की तोच माल येतो कुठून, हे नाही सांगत.

इनॉकच्या कामाची ही वही कोरी पडली होती. आमच्या ब्रँट कोव्ह गावात पिंपं करणारा तो एकटा, आणि एप्रिलपासून तो उत्तरेला इंग्रजांशी लढाईवर. म्हणून मी हिच्यात लिहायला घेतलं. कुणाला बोलून दाखवायची सोय नाही, निदान कागदाला तरी सांगावं.

गोठ्यात डुक्कर चांगलं माजलंय. नोव्हेंबर सरता सरता थंडी पडली की ते कापायचं आणि खारवून पिंपात भरायचं. तेच आमचं मार्चपर्यंतचं जेवण. मीठ मिळालं नाही तर आठ दिवसांत सगळं सडेल, आणि मग दोन पोरींना मक्याच्या खिरीवर हिवाळा काढावा लागेल. माझ्या डोक्यात दुसरा विषय नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

प्रवचन अडीच तास. पाय गारठले. भावोजी, इनॉकचे थोरले भाऊ, पहिल्या बाकावर, प्रार्थनाघराच्या कारभाऱ्याला, डीकनला शोभेल असे ताठ बसले होते. मधल्या प्रार्थनेत त्यांचा आवाज असा भरून आला की किझायाने डोळे पुसले. किझाया माझी शेजारीण. तिचा नवरा जोएल इंग्रजांच्या कैदी जहाजावर आहे, जिवंत असला तर. तिला तीन पोरं, आणि चौथं जानेवारीत.

भावोजींचा गडी सायलस आज सभेला नव्हता. चाळीस वर्षांत म्हातारा एक रविवार चुकला नसेल. जाऊबाई म्हणाल्या, दाढ सुजलीय, बिचारा रात्रभर कण्हत होता.

१३ ऑक्टोबर

भावोजींनी बोलावलं म्हणून गेले. अंगणात सायलस कच्चं सफरचंद कराकरा खात बसलेला. दाढ बरी झाली वाटतं. बैल मात्र मेल्यासारखे पडले होते, खुरांना किनाऱ्याची काळी रेती. भावोजींनी कोठाराला नवं कुलूप घातलंय. काळ वाईट आहे म्हणाले, त्यात खोटं काय?

आत बसवून, दार लावून घेऊन ते म्हणाले, "हल्डा, तुला म्हणून सांगतो. टॅम्सिनच्या तळघरात मीठ आहे."

"तुम्हाला कसं कळलं?"

"साठेबाज शोधणाऱ्या समितीचा प्रमुख आहे मी. मला कळतं." मग आवाज आणखी खाली आणला. "पण समितीला लेखी तक्रार लागते, साक्ष लागते, महिना जातो. बायका गेल्या तर त्यांना कोण अडवणार? आमच्या हातांना कायदा बांधलेला आहे. तुमच्या नाही."

मला अभिमानच वाटला. इनॉकचा मोठा भाऊ, इतका मोठा माणूस, आणि काम सांगायला त्याला मी सापडले. निघताना म्हणाले, "मीठ तुमचं तुम्ही वाटून घ्या. पिंपं मात्र फोडू नका हं. रिकामी करून माझ्याकडे पाठवा, समितीला लागतील." किती बारीक विचार करतात.

१४ ऑक्टोबर

केलं आम्ही.

एकेचाळीस जणी जमलो. किझायाने घरचं लाकडी माप आणलं, मी माप छाटायची काठी घेतली. मी सगळ्यांना आधीच बजावून ठेवलं होतं की आपण लुटायला जात नाही. मोजून घ्यायचं, माप शीग न लावता सपाट छाटायचं, बांधलेल्या भावाने पैसे ठेवायचे आणि घरी यायचं. जी एक मूठ जास्त घेईल तिच्याशी मी बोलणार नाही. आमच्या आया पण अशाच जायच्या, धान्य महाग झालं की. चोर म्हणून कुणी कधी बोट दाखवलं नाही त्यांना.

टॅम्सिन दारात उभी होती. किल्ली दे म्हटलं, तर म्हणते, "ते माझं नाही गं."

किझाया म्हणाली, "मग कुणाचं? हॅलिफॅक्सला इंग्रजांची चाकरी करणाऱ्या तुझ्या लेकाचं?"

मी तिच्या कमरेची किल्ली ओढली, ती मागे सरली, तिची टोपी पडली. केस किती पांढरे झालेत तिचे. मला वाटलं होतं ती ओरडेल, भांडेल. ती टोपी उचलायलासुद्धा वाकली नाही, नुसती माझ्याकडे बघत म्हणाली, "हल्डा, तू पिंपवाल्याची बायको. खाली जाऊन पिंपं तरी बघ."

बघितली. दोन होती. एक भरलेलं, एक अर्धं. आणि तळघराच्या धुळीत गोल गोल ठसे, ताजे. मी मोजले, चौदा. म्हणजे चौदा पिंपं हिने आधीच कुठेतरी काढून लावली. लेकाकडे, नाहीतर कुठे? समोरच्या खाडीतून इंग्रजांच्या जहाजापर्यंत जायला एक होडी लागते फक्त.

आणखी एक गोष्ट दिसली ती मी कुणाला बोलले नाही.

वाटणी झाली. घरटी चार शेर. पैसे टॅम्सिनच्या गल्ल्यावर ठेवले, तिने हात लावला नाही. येताना बायका गाणी म्हणत होत्या. किझायाने मला मिठी मारली आणि म्हणाली, "तू नसतीस तर आम्ही नुसत्या चुलीपाशी चरफडत बसलो असतो." आयुष्यात मला असं कुणी बोललं नव्हतं.

पण चार शेरात डुक्कर कुठलं खारतंय? त्याला सोळा तरी हवं.

१६ ऑक्टोबर

लिहून टाकते, त्याशिवाय चैन पडणार नाही. ती दोन्ही पिंपं इनॉकची आहेत.

त्याची खूण तर आहेच, कायद्याने प्रत्येक पिंपावर डागावी लागते. पण खूण नसती तरी मी ओळखलं असतं. खालची कड तो डाव्या अंगाने वळवतो, दुसरं कुणी तसं करत नाही. लाकूड नवं, याच वर्षीचं. म्हणजे जायच्या आधी त्याने तिला सोळा पिंपं करून दिली आणि मला चकार शब्द नाही. मार्चमध्ये पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत शेडमध्ये असायचा. कुणाचं काम विचारलं तर म्हणायचा, आहे एकाचं. एकाचं म्हणे.

टॅम्सिन माझ्याहून दहा वर्षांनी मोठी आहे. पण तरुणपणी देखणी होती असं सगळे म्हणतात. माझ्याशी वीस शब्द बोलायला याला आठवडा लागतो, आणि तिच्यासाठी सोळा पिंपं. लढाईवरून जिवंत ये तर खरा, मग तुला दाखवते.

२४ ऑक्टोबर

उत्तरेला इंग्रजांची अख्खी फौज शरण आली. सकाळपासून घंटा वाजतेय. थोरली लोइस नाचत आली, म्हणाली, आता बाबा येणार. अकरा वर्षांची आहे, तिला काय सांगायचं? जिंकलेल्यांतही मेलेले असतातच.

प्रार्थनाघराच्या दारावर समितीचा कागद लागला. टॅम्सिन वीडन ही देशाची शत्रू आहे, तिच्याशी कुणी देवघेव करू नये, बोलू नये. खाली भावोजींची सही. किती वळणदार लिहितात.

५ नोव्हेंबर

टॅम्सिन विहिरीवर आली. बायका बाजूला झाल्या, बादल्या उचलल्या. मी पण उचलली. ती माझ्यापाशी थांबून हळूच म्हणाली, "मला नुसतं भाडं मिळायचं गं तळघराचं. भाडं आणि लेकाला पत्र धाडायची परवानगी. तुम्ही यायच्या आठवडाभर आधी मी त्यांना म्हटलं, थंडी पडायच्या आत बांधलेल्या भावाने विकून टाका, नाहीतर मी गावाला सांगते. आता मी सांगून कोण ऐकणार?"

मी चालायला लागले. बोलायची बंदी आहे. आणि त्यांना म्हणजे कुणाला, हे विचारावंसं वाटलं होतं, पण पलीकडे सगळ्या बघत होत्या.

लोइस घरी येताना म्हणाली, "आई, टॅम्सिनकाकूंना लाकडं पण कुणी विकत नाही. त्या किनाऱ्यावरच्या ओल्या फांद्यांची मोळी नेत होत्या." म्हटलं, तिने आपलं मीठ शत्रूला विकलं. पोरगी म्हणाली, "तू बघितलंस?" हिला ही तोंडाळ सवय कुठून लागली कळत नाही.

११ नोव्हेंबर

इनॉकचं पत्र. जिवंत आहे. पायाला जखम होती, भरतेय. देवाची कृपा, मी खुर्चीतच बसून रडले.

मग पुढे वाचलं. लिहितो: "एझ्राने सोळा पिंपांची मजुरी दिली की नाही? मार्चमध्ये करून दिली होती, कुणाला बोलू नको म्हणाला म्हणून तुलाही सांगितलं नाही. भाऊ आहे, पण देण्याघेण्यात त्याच्या मागे लागावं लागतं."

चार वेळा वाचलं.

एझ्रा म्हणजे भावोजी. चौदा ठसे. रेतीतले बैल. सायलसची दाढ. आणि मी, एकेचाळीस बायका घेऊन, हातात काठी घेऊन. त्यांनी आपलं मीठ रविवारी, सगळं गाव देवासमोर बसलं असताना, हलवून घेतलं आणि दोन पिंपं ठेवली माझ्यासाठी. कुत्र्याला हाड टाकतात तशी. आणि मी शेपूट हलवत गेले.

टॅम्सिनने सांगितलं होतं की पिंपं बघ. मी बघितली आणि नवऱ्यावर संशय घेतला. माझ्यासारखी मूर्ख या किनाऱ्यावर नसेल.

उद्या जाते आणि त्यांच्या तोंडावर विचारते. मग थेट प्रार्थनाघराच्या पायरीवर उभी राहून सांगते सगळ्यांना.

१२ नोव्हेंबर

गेले. पत्र पुढे धरलं. वाटलं, पांढरे फटक पडतील. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं, घडी करून परत दिलं.

"बरं झालं आठवण केलीस. मजुरी राहिलीच आहे इनॉकची."

मी म्हटलं, "भावोजी, कोठारात काय आहे?"

"मीठ आहे. सैन्यासाठी. फेब्रुवारीत सैन्याचे अधिकारी घ्यायला येतील, चांदीत पैसे देतील. आत्ता दहा-दहा शिलिंगला वाटून टाकलं तर फेब्रुवारीत सैनिक काय खातील? तुझाच नवरा काय खाईल?"

"आणि टॅम्सिन?"

"ती इंग्रज राजाच्या बाजूची आहे. आज ना उद्या तिच्यावर कागद लागलाच असता." मग उठून जवळ आले. आवाज एकदम बापासारखा. "हल्डा, तुझ्याकडे दोन लहान पोरी. इनॉकचा पाय असा. उद्या मला काही झालं, समिती गेली, तर तुम्हाला कोण बघणार? किझाया?"

सायलसने एक गोणी हातगाडीवर घातली. वीस शेर. "ही मजुरी," ते म्हणाले. "उपकार नाही."

ही मजुरी आहे. इनॉकने महिनाभर घाम गाळला त्याची. मी मागायलाच गेले होते. लाच असती तर मी तोंडावर फेकली असती. मजुरी कोण फेकतं? गोणी माझ्या बिछान्याखाली ठेवलीय, वर जुनी रजई.

सैन्याचं म्हणतात ते खरंही असेल.

१९ नोव्हेंबर

टॅम्सिन गेली. मासळीच्या गाडीत, मागे बसून, एक बोचकं घेऊन. पुढच्या गावात बहीण आहे म्हणे. गाडीवाल्याने तिच्याकडून आरसा घेतला भाड्यापोटी. खिडकीतून बघितलं मी. दुकानाच्या पायऱ्यांवर पोरं उड्या मारत होती.

बायका म्हणाल्या, गेली ब्याद. मी पण हसले.

२२ नोव्हेंबर

किझाया आली, सोबत सात-आठ जणी. सायलस दारू पिऊन गुत्त्यावर काहीतरी बरळला. त्यांना आता डीकनच्या कोठारात जायचंय, सोमवारी.

किझाया म्हणाली, "तुझे दीर आहेत, तुला अवघड जाईल, ते कळतं मला. पण तू पुढे असलीस की बायका घाबरत नाहीत. आणि तळघरातली पिंपं तू जवळून बघितली होतीस. खूण कुणाची होती?"

"अंधार होता," मी म्हटलं.

तिने शाल डोक्यावरून घेतली. "बरं," म्हणाली. "सोमवारी ये."

संध्याकाळी जाऊबाईंकडे लोकर विंचरायला गेले. मी त्यांना काहीही सांगितलेलं नाही. एवढंच म्हणाले की हल्ली बायका कोठारं बघत फिरतात, गवताला ठिणगी लागायची, सोमवारी जरा जपा. त्यात काय बिघडलं? आग कुणाचं घर बघते का?

२४ नोव्हेंबर

गेले होते. न जाऊन कसं चालेल.

भावोजींनी स्वतः कुलूप काढलं. "या, या बायांनो, बघा." आत गवत आणि दोन खोगिरं. ते बाजूला उभे राहून इतके सौम्य हसत होते की काही जणी शरमून मागे फिरल्या. एक तर माफी मागायला लागली.

किझाया आत गेली. पोट सांभाळत गुडघ्यांवर बसली, जमिनीच्या फळ्यांच्या फटीतून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. मग उठली, सगळ्यांसमोर येऊन म्हणाली, "खारट आहे."

"गुरांना चाटायला ठेवतो," भावोजी म्हणाले.

तिने त्यांच्याकडे ढुंकून बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. "कुणीतरी सांगितलं यांना," म्हणाली. मी म्हटलं, सायलसच बरळला असेल. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

मला आज जेवण गेलं नाही. पण माझ्या जागी कुणीही असती तरी तिने हेच केलं असतं. पोरी तिला पण असत्या ना.

२ डिसेंबर

कडक थंडी. डुक्कर कापलं.

इतकी वर्षं आमच्या गल्लीत रीत आहे. ज्याच्याकडे कापायचं, त्याच्याकडे सगळ्या बायका पहाटेपासून पाणी तापवायला, आतडी धुवायला, आणि जाताना प्रत्येकीला ताज्या बरगड्यांचं एक ताट. पुढच्या आठवड्यात दुसरीकडे कापतात, मग तिच्याकडून ताट येतं. असं फिरत फिरत सगळ्यांना महिनाभर ताजं मिळतं. कुणाची बरगडी मोठी यावरून वर्षभर टोमणे चालतात.

यंदा मी कुणाला बोलावलं नाही. बायका आल्या असत्या तर गोणी दिसली असती. सायलसने आणि मीच केलं सगळं. लोइसने आतडी धुतली, बोटं लालबुंद झाली तिची. ताटं पाठवावी असं मनात होतं. पण ताट पाठवलं की कळणार, कापलं. आणि कळलं की विचारणार, खारवलं कशात? म्हणून लोइसला सांगितलं, कुणी विचारलं तर म्हणायचं, आई आजारी आहे.

घरच्या चार शेरांवर गोणीतलं बारा शेर मीठ लागलं. पिंप गच्च भरलं. झाकण बसवताना इतका जीव शांत झाला की तिथेच बसून राहिले. आता मार्चपर्यंत काही झालं तरी माझ्या पोरी उपाशी राहणार नाहीत. उरलेलं आठ शेर बिछान्याखालीच.

८ डिसेंबर

हवा अचानक उबदार झाली. छपरावरचं बर्फ ठिबकतंय, चिखल झालाय. किझायाने गुरुवारीच कापलं होतं. तिच्याकडून बरगड्यांचं ताट आलं. मोठं ताट, चांगल्या मांसल बरगड्या. तिची पोर म्हणाली, "आई म्हणते, तुम्ही आजारी आहात ना, रस्सा करून घ्या."

मी ताट घेतलं. परत काय घालून देणार? रिकामंच पाठवलं. पोरीने ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग आमच्या मागच्या दारी सुकत टाकलेल्या आतड्यांकडे बघितलं.

११ डिसेंबर

किझायाच्या घराकडून वास येतोय. चार शेरात तिने जेवढं बसलं तेवढं खारवलं, बाकीचं धुरावर टांगलं होतं. या उबदार हवेत ते टिकलं नाही. आज ती आणि पोरं अर्ध्याहून जास्त मांस शेतात पुरत होती. आठवा महिना सरत आलाय आणि ही बाई कुदळ चालवतेय.

मदतीला जावंसं वाटलं. आजारी आहे असं सांगितलंय, म्हणून गेले नाही. माझ्याकडे आठ शेर पडून आहे. दिलं तर विचारेल, कुठून आणलंस? आणि मग सगळंच निघेल. मी तिला काही केलेलं नाही. हवा मी गरम केली का?

१६ डिसेंबर

आज माझ्याकडे आल्या.

वीसएक असतील. ओरडा नाही, गाणी नाही. किझायाच्या हातात माप. मी दार अडवून म्हटलं, "वेड लागलंय का तुम्हाला? मीच तुम्हाला जायला शिकवलं."

"हो, तूच शिकवलंस," ती म्हणाली. "बाजूला हो."

"चार शेर मिळालं मला, तुमच्याएवढंच."

"चार शेरात अख्खं डुक्कर खारवलंस? आम्हालाही शिकव की." मागून कुणीतरी हसलं, पण त्यात हसू नव्हतं. किझाया म्हणाली, "तुला सासरचं राखायचं होतं, समजू शकते मी. टॅम्सिनचंही एकवेळ सोड, ते तू आणि देव बघून घ्या. पण तू बरगड्या पाठवल्या नाहीस, हल्डा. जोएल पहिल्यांदा लढाईवर गेला त्या हिवाळ्यातसुद्धा मी तुला ताट पाठवलं होतं. जिच्याकडे लपवायला काही नाही ती शेजारी ताट पाठवते."

मी म्हटलं, ती मजुरी आहे, इनॉकच्या हक्काची, माझ्याकडे पत्र आहे. कुणाला वाचायचं नव्हतं. घरात शिरल्या. फडताळ बघितलं, चुलीमागे बघितलं, शेडमध्ये बघितलं. काही सापडेना. मला वाटलं, आता जातील.

तेव्हा लोइस म्हणाली, "आईच्या बिछान्याखाली आहे. रजईच्या आत."

कुणी दरडावलं नव्हतं तिला. आपणहून म्हणाली.

त्यांनी गोणी अंगणात आणली, मोजली, प्रत्येक माप सपाट छाटलं, जानेवारीच्या भावाने नोटा उंबऱ्यावर ठेवल्या. मांसाच्या पिंपाला हात लावला नाही, ते माझं आहे म्हणाल्या. एक मूठ जास्त घेतली नाही कुणी. मी बघत होते, एक तरी घेईल म्हणून. मला फार वाटत होतं, कुणीतरी चोरावं.

१८ डिसेंबर

विजयाबद्दल आज देशभर आभाराचा दिवस. भावोजींनी प्रार्थना सांगितली, आवाज भरून आला. सैन्यासाठी मीठ राखून ठेवल्याबद्दल पाद्र्यांनी त्यांचं नाव घेऊन कौतुक केलं. बायका पुढे बघत बसल्या. माझ्या बाकावर मी आणि धाकटी, दोघीच. लोइस किझायाच्या पोरांमध्ये जाऊन बसली होती.

घरी आल्यावर मी तिला समोर उभं केलं. म्हटलं, आईच्या घरात माणसं घुसवलीस, लाज नाही वाटत? मी हे कुणासाठी केलं? तुझ्या पोटासाठी केलं. सख्ख्या पोरीने मला वीस बायकांत नागडं केलं.

ती रडली नाही. म्हणाली, "त्यांनी मोजून घेतलं ना?"

"हो."

"पैसे ठेवले ना?"

"ठेवले."

"टॅम्सिनकाकूंकडे तू पण तसंच केलं होतंस. मग तुला राग कशाचा आलाय?"

मी तिच्या थोबाडीत मारली. आजवर कधी मारलं नव्हतं. गाल धरून ती तशीच उभी राहिली, उत्तराची वाट बघत.